आतड्यातला कारखाना

आमच्या घरात बाराखडीच्या आधी पत्रकं आली. बाबा विदर्भातून झाँसीला आले ते शहराबाहेरच्या सरकारी इंजिनिअरिंग कारखान्यात नोकरीला, आणि येताना एक ट्रंक भरून पत्रकं घेऊन आले. कामगार संघटनेची, ग्राहक चळवळीची, बुवाबाजीविरुद्धची, पाणीपट्टीविरुद्धची. आई इथलीच, खंडेराव गेटजवळच्या जुन्या मराठी घरातली. तिच्या बोलण्यात निम्मी हिंदी असते. झाँसीत मराठी पुस्तकं सहजासहजी मिळत नाहीत, त्यामुळे माझ्या बरोबरीच्या इथल्या मराठी मुलांना मराठी नुसती समजते, बोलताना ती हिंदीवर येतात. मी मात्र त्या ट्रंकेवर वाढले. दुधावरची साय नको असेल तर शाळकरी वयात मी सायीचा ‘जाहीर निषेध’ करत असे. आई कपाळाला हात लावायची आणि साय स्वतः खाऊन टाकायची.

घरातले निर्णयही बाबांनी संघटनेच्या रीतीने चालवले. रविवारी सकाळी पोहे झाले की बैठक. अध्यक्ष बाबा. मग सूचक, अनुमोदक, चर्चा, मतदान. तीन माणसांचं घर असल्यामुळे मतं कधी समसमान पडत नाहीत, हा या पद्धतीचा मोठा गुण, असं बाबा सांगत. आई त्यालाच दोष म्हणे, कारण बाप-लेक कायम एका बाजूला. एकदा ठराव झाला की तो काळ्या दगडावरची रेघ. उन्हाळ्यात कूलरची खस, म्हणजे जाळीतला वाळा, कोणी बदलायची याचा ठराव मी शाळेत असताना झाला होता. अजून मीच बदलते.

हे एवढं सांगितलं, कारण याच्याशिवाय पुढचा मूर्खपणा कोणाला खरा वाटणार नाही.

इलाइट चौराह्याजवळच्या एका कोचिंगमध्ये मी नागरिकशास्त्र शिकवते. वर्ग वरच्या मजल्यावर. गेल्या वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला मला तो जिना चढताना धाप लागायला लागली. संविधानाची उद्देशिका म्हणताना मी ‘स्वातंत्र्य’पाशी थांबून श्वास घ्यायची, आणि पोरांना वाटायचं, दीदी भावुक झाल्या. आईने धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. छावणीच्या बाजूच्या शांत रस्त्यावर त्यांचा दवाखाना आहे. वयाने आईपेक्षा मोठ्या, बोलायला फटकळ. त्यांनी रक्त तपासायला लावलं आणि कागदाकडे बघून म्हणाल्या, “बी-बारह बहुत कम है। अंडा खाती हो?”

“नहीं.”

“दूध?”

दूध मी काही वर्षांपूर्वीच सोडलं होतं, पाकीटबंद दुधाच्या कंपन्यांच्या निषेधार्थ. गवळ्याचं दूध घ्यायला हरकत नव्हती, पण मग ताकसुद्धा नको, चहाही नको असा तो निषेध वाढत गेला. निषेधाचं असंच असतं, एकदा सुरू केला की कमी करताना लाज वाटते. हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या.

“ये गोली बनाता कौन है?” मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. “आपकी बिटिया हमेशा ऐसी है?”

“जी,” आई म्हणाली. “इसके पापा भी.”

त्या गोळ्या मी घेतल्या नाहीत. चौकात औषधाच्या दुकानांत काचेमागे मांडलेले ताकदीचे डबे, त्यांच्यावरची पिळदार दंडांची चित्रं, भोळ्या माणसांच्या गळ्यात मारलेल्या बाटल्या, या सगळ्याचा माझा राग जुना होता. आता त्याला माझ्याच रक्ताचा कागद मिळाला. मी फोनवर वाचायला बसले. वाचता वाचता एक वाक्य सापडलं: आपल्या आतड्यातले जिवाणू काही जीवनसत्त्वं स्वतः तयार करतात, त्यात बी-बारासुद्धा आहे. वाक्य खरं होतं. त्याच्या पुढचं वाक्य मी वाचलं नाही. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला पुढचं वाक्य लागत नाही, उद्गारचिन्ह लागतं.

मला सगळं चित्र दिसलं. पोटात असंख्य मजूर. मालक नाही, मुकादम नाही, नफा नाही. रात्रंदिवस जीवनसत्त्वं बनवतायत आणि आपण मूर्खासारखे तीच दुकानातून विकत आणतोय! मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. हिंदीत, कारण वाचणारे इथले. मथळा होता ‘हमारी आँत, हमारा कारखाना!’ खाली मजकूर: ‘आपके पेट में अनगिनत मज़दूर मुफ़्त में विटामिन बना रहे हैं। उन्हें काँजी दो, मठा दो, मोटा अनाज दो। फिर गोली किसके लिए? गोली कंपनी के लिए!’ मी स्वतः मठ्ठा पीत नव्हते, पण पत्रक जनतेसाठी होतं.

बाबांनी ते उभ्याने वाचलं. वाचून चष्मा काढला आणि पुसला. “कॉम्रेड,” ते म्हणाले, “जिवाणूंना कामगार म्हणणारा पहिला माणूस आपल्या घरात जन्मला.”

“डॉक्टरला दाखवलंत का आधी?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

“डॉक्टर व्यवस्थेचा भाग आहे,” मी म्हणाले.

“आणि तुझी धाप कशाचा भाग आहे, नेताबाई?”

रविवारच्या बैठकीत मी ठराव मांडला: या घरात विकतचं जीवनसत्त्व कोणत्याही कारणाने आणि कोणत्याही स्वरूपात घेतलं जाणार नाही. ‘कोणत्याही स्वरूपात’ हे शब्द मीच घातले. बाबांची शिकवणच तशी: पळवाट ठेवली की तिच्यातून व्यवस्थापन आत येतं. गोळी बंद केली तर कंपन्या उद्या सरबतातून घालतील, परवा सुईतून. मी सगळी दारं लावली. बाबांनी अनुमोदन दिलं. आईने विरोधात मत दिलं आणि लगेच विचारलं, “विरोध केलेल्याला ठराव लागू होतो का?”

बाबा विचारात पडले. अल्पमताचा आदर हाही त्यांच्या ट्रंकेतलाच विषय होता. “तुला नाही लागू,” ते शेवटी म्हणाले.

“मग झालं तर.” आईने फ्रिजवरची आपली कॅल्शियमची पट्टी उचलली, सगळ्यांसमोर एक गोळी तोंडात टाकली आणि पोह्यांच्या बश्या गोळा केल्या.

पत्रकं चौराह्यावर वाटली. बहुतेकांनी त्यांत शेंगदाणे खाल्ले. एका माणसाने मात्र ती मनापासून वाचली. कोचिंगच्या खाली मठ्ठ्याची गाडी लावणारा भैया. मजकुरात मठ्ठ्याचं नाव पाहून त्याने एक पत्रक गाडीच्या काचेवर चिकटवलं, आणखी पाच-सहा मागून घेतली, आणि गिऱ्हाइकाला ग्लास देताना त्यावर बोट ठेवून सांगू लागला, “पढ़ लो, पढ़ी-लिखी दीदी ने लिखा है।” मला तो आयुष्यातला पहिला साहित्यिक सन्मान वाटला.

माझा स्वतःचा आहार आता काटेकोर झाला. खिडकीत काळ्या गाजरांच्या आंबवलेल्या काँजीची बरणी. सकाळी रात्रीच्या भाताचं आंबवलेलं पाणी. दुपारी ज्वारीची भाकरी. इथे हे सांगायला हवं की पोट खरंच छान झालं. मी इतकी नियमित झाले की बैठकीत त्याचा उल्लेख करायचा मोह मला होत असे, आणि एकदा केलाही. आई उठून गेली.

मग पायांना मुंग्या यायला लागल्या. आधी बोटांना, मग तळव्यांना. दुसऱ्या कोणाला काळजी वाटली असती. मी मात्र बाबांना उत्साहाने सांगितलं की शरीर बदलतंय, नसा जाग्या होतायत. माझ्या डोळ्यांपुढे आतड्यातून निघालेला मोर्चा पायांपर्यंत पोचलेला होता.

वैशाखात आई गच्चीवर पापड वाळत घालते. झाँसीचं वैशाखातलं ऊन ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. अकरानंतर त्या फरशीवर कबुतरसुद्धा बसत नाही. आई चपला घालूनही एका पायावरून दुसऱ्यावर नाचत होती. मी अनवाणी चादर धरून उभी होते, शांत.

“अगं, चटका नाही बसत?”

“काही नाही वाटत,” मी म्हणाले, आणि मला मनापासून अभिमान वाटला. मला वाटलं ही काँजीने आलेली सहनशक्ती. जुन्या पत्रकांमध्ये उपोषणाला बसलेल्या माणसांची वर्णनं असत, तशी मी स्वतःला दिसले. आई पापड सोडून खाली बसली आणि तिने माझा पाय उचलून पाहिला. टाचेला फोड आला होता. तिने त्यावर बोट दाबलं. मला कळलं नाही. ती माझा हात धरून उठली.

“डॉक्टरकडे चल.”

“ठराव आहे,” मी म्हणाले.

दोन दिवस ती माझ्याशी फक्त हिंदीत बोलली. आमच्या घरात भांडणाची भाषा हिंदी आहे.

तिसऱ्या दिवशी कोचिंगला जाताना चौराह्यावर मागून हाक आली. “दीदी! ओ दीदी!” मठ्ठेवाला भैया ग्लास टाकून रस्ता ओलांडत पळत येत होता आणि त्याच्या हातात एक चप्पल होती. चप्पल ओळखीची वाटली. मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय डांबरावर अनवाणी होता. किती लांबून तशी चालत आले होते देव जाणे.

“दीदी,” तो धापा टाकत म्हणाला, “आंदोलन में चप्पल फेंकी जाती है। छोड़ी नहीं जाती।”

आजूबाजूचे हसले. मीही हसले. मग वाकून चप्पल घालायला गेले तर अंगठा पट्ट्यात शिरलाय की नाही ते मला पायावरून समजेना, डोळ्यांनी बघावं लागलं. हसू तिथेच थांबलं. वर्ग घेतला नाही. रिक्षा केली आणि सरळ छावणीकडे गेले.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पायांवर कापूस फिरवला, कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क टेकवला, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. डोळे मिटताच मी डोलले आणि टेबल धरलं. मग त्यांनी खण उघडून माझंच पत्रक काढलं. कुठल्या तरी पेशंटने त्यांना नेऊन दिलं होतं.

“ये आपने लिखा है?”

“जी.”

“हिंदी अच्छी है।” त्यांनी ते टेबलावर ठेवलं. “कारख़ाना है, ये सच है। बी-बारह बनता है, ये भी सच है। लेकिन कहाँ बनता है?”

“आँत में.”

“बड़ी आँत में। और सोखा कहाँ जाता है? छोटी आँत के आख़िरी सिरे पर। बड़ी आँत उसके बाद आती है।” माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं नसावं. झाँसीच्या माणसाला समजावायचं तर रेल्वे लागते, हे त्यांना माहीत होतं. “ग्वालियर की तरफ़ से गाड़ी आ रही है। सवारी को झाँसी उतरना है। उसका माल चढ़ता है बीना में। बताइए, सवारी को क्या मिला?”

झाँसी आधी, बीना नंतर; शोषून घ्यायची जागा आधी, बनायची नंतर. आणि गाडी उलटी येत नाही.

“कुछ नहीं,” मी म्हणाले.

“ऊपर से आपके मज़दूरों में बहुतों को ख़ुद बी-बारह चाहिए। जो बनता है, उसमें से आपस में ही खा जाते हैं।”

मग त्या मऊ झाल्या. म्हणाल्या की काँजी चालू ठेव, भाकरी चालू ठेव, जिवाणूंना असं खाणं हवंच असतं. ते बाकी पुष्कळ कामं करतात, एक-दोन जीवनसत्त्वांत शरीराला थोडा हातभारही लावतात. पण हे एक काम त्यांच्यावर सोपवता येत नाही. ते दूध, दही, अंडं, मांस, नाहीतर औषध यांतूनच यावं लागतं. बाजारातल्या ताकदीच्या डब्यांबद्दल त्यांचं मत माझ्यापेक्षाही वाईट निघालं. “ग़ुस्सा आपका आधा सही है,” त्या म्हणाल्या. “पर नसें आधे सच पर नहीं चलतीं। आज से सुई शुरू कीजिए। देर हुई तो जो गया है, वो पूरा लौटेगा या नहीं, मैं नहीं कह सकती।”

तिथल्या तिथे दंड पुढे करावा की नाही? कोणीही केला असता. मी म्हणाले, घरी विचारून येते. त्यांनी कपाळाला हात लावला, अगदी आईसारखा.

त्या दिवशी रविवार नव्हता. बाबा कारखान्यातून आले, चहाचा कप हातात होता, तेवढ्यात मी तातडीची बैठक मागितली. पाय दाखवले. चप्पल सांगितली. बाबांचा चेहरा उतरला, पण ते खुर्ची ओढून अध्यक्षांच्या जागी बसले, कारण बैठक मागितली होती.

“दुरुस्ती मांडते,” मी म्हणाले. वाटेत रिक्षात मी ती तयार केली होती. “ठरावात ‘वैद्यकीय आणीबाणी वगळता’ एवढे शब्द घालावेत.”

“नाही,” बाबा म्हणाले.

आईच्या हातातलं भांडं आपटलं. “अहो, पोरीचे पाय जातायत आणि तुम्ही नाही म्हणता?”

“दुरुस्तीला नाही म्हणतोय.” बाबा माझ्याकडे वळले. “आणीबाणी म्हणजे तू बरोबर होतीस आणि परिस्थिती वाईट आली. तसं झालंय का?”

मी टाचेवरचा फोड बघायला लागले.

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते नीट सांग.”

मी गाडी, झाँसी, बीना, सगळं सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला. “म्हणजे उत्पादन आहे, पण वाटप नाही.”

“हो.”

“उत्पादन आणि वाटप यातला फरक मी तुला किती लहानपणी शिकवला होता?”

“दूध पीत होते तेव्हा,” मी म्हणाले.

“तेच चालू ठेवायचं होतंस,” आई म्हणाली.

“आणि मीही अनुमोदन दिलं,” बाबा म्हणाले. “मला तर हे आधी विचारायला हवं होतं. कामगार म्हटलं की माझं डोकं बंद पडतं.” खरं म्हणजे बाबांचे पाय ठणठणीत होते. ते दिवसभरात चार वेळा दुधाचा चहा घेत आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये अंडी खात. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक असून कोणीच कधी बैठकीत आणली नव्हती.

“ठराव मागे घे,” ते म्हणाले. “पूर्ण. आणि रीत माहीत आहे तुला. जिथे पत्रक वाटलं, तिथेच चूक वाटायची.”

सुई घ्यायला मी तयार होते. पाय वाचवायलाही तयार होते. पण चौराह्यावर उभं राहून, त्याच पोरांसमोर, त्याच भैयासमोर ‘माझं चुकलं’ असा कागद वाटायचा? मला आठवतंय, त्या क्षणी मी खरोखर हिशेब मांडत होते की उजवा पाय थोडा बधिर राहिला तर तसं काय बिघडतं. माणसाच्या अहंकाराला बी-बाराची कधी कमतरता पडत नाही.

आई माझ्यासमोर येऊन बसली. तिने माझा उजवा पाय मांडीवर घेतला आणि तळव्यावर हात ठेवला. “कळतंय?”

“नाही.”

“मी तुझ्या जन्मापासून या पायांना तेल लावतेय. यावर माझंही मत आहे की नाही?”

मी ठराव मागे घेतला. सगळ्यांनी हात वर केले. आमच्या घरात पहिल्यांदा काहीतरी एकमताने मंजूर झालं, आणि ते माझ्याविरुद्ध होतं. दवाखाना बंद व्हायच्या आत बाबांनी मला स्कूटरवरून नेलं. सुई टोचली तेव्हा दुखलं, आणि काहीतरी दुखलं याचं मला बरं वाटलं.

दुसरं पत्रक लिहायला पहिल्यापेक्षा फार वेळ लागला. एकही उद्गारचिन्ह बसेना. ‘सुधार’ असा मथळा दिला. कारखाना आहे पण माल आपल्यापर्यंत पोचत नाही, हे लिहिलं. ज्यांना मुंग्या येतात, जे दूध-अंडी घेत नाहीत, त्यांनी रक्त तपासावं, लिहून दिलेलं औषध घ्यावं आणि दुकानातले डबे मात्र मनानेच उचलू नयेत, हेही. शेवटी लिहिलं: ‘पिछला पर्चा मैंने लिखा था। आधा पढ़कर लिखा था।’ बाबांनी वाचलं आणि या वेळी चष्मा पुसला नाही. म्हणाले, “छापायला दे.”

चौराह्यावर पहिला कागद मी भैयालाच दिला. त्याने ग्लास धुता धुता वाचला.

“तो दीदी, मठा बंद?”

“नहीं भैया, मठा चालू. मठे में थोड़ा-सा होता है. बस उसी के भरोसे मत रहना.”

त्याने काचेवरचं जुनं पत्रक ओढून पाहिलं. उन्हाने ते इतकं घट्ट चिकटलं होतं की निघेना. मग त्याने नवं शेजारी लावलं. “दोनों रहने दो,” तो म्हणाला. “लोग पूछेंगे, मैं बता दूँगा कि दीदी पहले ग़लत थीं।” आणि तो सांगतो. अजूनही सांगतो, प्रत्येक गिऱ्हाइकाला, मी जिना चढत असताना, माझ्याकडे बोट दाखवून. मी आता त्याच्याकडे रोज एक ग्लास मठ्ठा पिते.

सुया चालू राहिल्या. पाय हळूहळू, टाचेकडून परत आले. डावा बराचसा. उजव्याची शेवटची दोन बोटं अजून बोलत नाहीत, आणि बोलतील असं डॉक्टरीणबाई ठामपणे म्हणत नाहीत. चप्पल आता मी मागे पट्टा असलेली घालते.

पावसाळा संपला. इथे लोक क्वारच्या, म्हणजे आश्विनाच्या, धूपला घाबरतात, आणि घाबरावंच असं ते ऊन असतं. ओल्या गाद्या उन्हात घालायला आईबरोबर गच्चीवर गेले होते. चपला जिन्यात राहिल्या. दुसरं पाऊल टाकलं आणि मी ओरडून उडी मारली, गादी हातातून सुटली, मी एका पायावर नाचत कठड्याच्या सावलीत गेले.

“काय झालं?” खालून बाबांचा आवाज आला.

आई गादी उचलत होती. तिने कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. “काही नाही हो,” ती म्हणाली. “पोरीला चटका बसला!” आणि अशी हसत सुटली की शेजारच्या गच्चीवरच्या काकू कपडे टाकून आमच्याकडे बघत राहिल्या.